आबांच्या घड्याळावरचा चित्ता

पुण्याहून आलेल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं घड्याळावरचा चित्ता उचलला, उलटा केला, खिशातल्या किल्लीनं पोटाखाली जरासं खरवडलं आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"इंगवलेसाहेब, गणपतीत मी पाहून गेलो तो हा नव्हे. हा परवा-तेरवा ओतलाय. मला कशाला हेलपाटा घातलात?"

राजवीर इंगवल्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. शिरोलीला स्वतःची फौंड्री, कोल्हापुरात नागाळा पार्कात बंगला, वर-खाली सगळीकडं ओळखी. असल्या माणसाला कोणी घरात येऊन 'खोटं' म्हणायचं म्हणजे काय!

खोलीत आणखी एक माणूस होता. पलंगावर. त्याला कोणी काही विचारलं नाही. सयाजीराव इंगवले, म्हणजे घरादाराचे आबा, दोन वर्षांमागं अर्धांगवायूनं जे पडले ते पडलेच. हात हलत नाही, पाय हलत नाही, वाचा गेलेली. हलतात ते फक्त डोळे. ते डोळे त्यांनी त्या वेळी गच्च मिटून घेतले होते.

आता घरातलं काही हरवलं की पहिलं नाव कुणाचं येतं? घरात बाहेरून येणाऱ्या बाईचं. तासाभरात पोलिसांची गाडी गडमुडशिंगीला शालूबाईच्या दारात उभी राहिली. आबांचं न्हाणंधुणं, खाणंपिणं, कुशीवर वळवणं, सगळं हीच बाई करायची. त्या दिवशी नेमकी लेकीला बघायला पावणं येणार म्हणून तिनं रजा घेतलेली. पावणं आले, त्यांनी गाडी बघितली आणि चहासुद्धा न घेता उठले.

फौजदार दीप्ती कुरणे ठाण्यात पोचली तेव्हा शालूबाई बाकावर बसून होती. नवं लुगडं, डोक्यावर पदर, डोळे कोरडे.

"मॅडम, घर धुंडाळलंसा न्हवं? पिठाचा डबासुद्धा उपडा केला तुमच्या लोकांनी. गावला का चित्ता?"

"न्हाय गावला. नवरा काय करतो तुमचा?"

"गोकुळ शिरगावला फौंड्रीत हाय. मोल्डर. ओतकामाचे साचे भरतोय."

हवालदार पिराजींनी कपाळावर हात मारून घेतला. खोटा चित्ता कुठल्या तरी भट्टीतनंच आला असणार, आणि बाईचा नवरा नेमका मोल्डर! बाईच्या मागं साडेसाती लागली ती अशी.

"चित्त्याला रोज हात लावत होतासा?"

"पाठीवरनं फडकं फिरवत व्हते की. उचलला कधी न्हाय."

"बदललेला कळला न्हाय?"

"माझं ध्यान आबांकडं असतंय. पण एक सांगू का? आबा दिवसभर त्या चित्त्याकडंच बघत पडायचे. दसरा झाल्यावर कवातरी बघायचे बंद झाले. पलंग फिरवला तरी मान तिकडं, डोळे भलतीकडं. मी म्हटलं, आबा, काय झालं? तर डोळ्यांतनं नुसतं पाणी."

"त्यांना इचारलं न्हाय, काय झालं म्हणून?"

"इचारलं की. एकदा डोळे मिटले की व्हय, दोनदा मिटले की न्हाय. मीच लावलंय तसं. पण एवढ्यात काय काय म्हणून सांगतील बिचारे?"

साहेबांनी दीप्तीला आत बोलावलं. त्यांनी फाईल उघडलीही नव्हती.

"गुन्हा अजून दाखल केलेला न्हाय. पण इंगवल्यांचं प्रकरण हाय, मला तीन फोन आलेत. बाईमाणूस हाय, दिवस बुडाल्यावर अटक करता येत न्हाय. बुडायच्या आत काय ते ठरव."

"सर, पुरावा काय हाय तिच्याविरुद्ध?"

"तिच्या बाजूनं तरी काय हाय?"

दीप्तीनं सलाम ठोकला आणि गाडीत जाऊन बसली.

*

नागाळा पार्कातल्या त्या गल्लीत दसऱ्याची तोरणं अजून दारोदार लटकत होती, झेंडू वाळून काळा पडलेला. एकट्या इंगवल्यांची चौकट बोडकी. दार राजवीरच्या बायकोनं उघडलं. पूर्णिमा तिचं नाव.

"तोरण न्हाय लावलं यंदा?" दीप्तीनं सहज विचारलं.

"कुठलं तोरण? तिसऱ्या माळेला आमचे चुलत सासरे गेले. आबांचे सख्खे भाऊ. खंडेनवमी न्हाय, दसरा न्हाय, आता दिवाळीसुद्धा अशीच म्हणायची."

हॉलमध्ये एका मिशाळ माणसाचा अर्धपुतळा होता. डोक्याला फेटा, नजर अशी की आत्ता कुणाला तरी हाक मारेल.

"हे आबांचे वडील. दरबारी चित्तेवान होते," पूर्णिमा म्हणाली. "शिकारीचे चित्ते सांभाळायचे. वन्संनी केलाय पुतळा, प्लास्टरचा. ड्रॉइंगच्या बाई हायत त्या, गडहिंग्लजला."

शिकारीला आलेला कोणी एक गोरा पाहुणा या चित्तेवानावर इतका खूश झाला की मायदेशी जाऊन त्यानं फ्रान्सचं घड्याळ धाडून दिलं, असं घरात सांगत. पांढऱ्या संगमरवराची बैठक, मध्ये तबकडी आणि वर पुढचे पाय पसरून बसलेला, मान वळवलेला ब्राँझचा चित्ता. नव्वद वर्षं ते आबांच्या खोलीतल्या फळीवर टिकटिकत होतं.

आताही टिकटिकत होतंच. दीप्ती फळीजवळ गेली. चित्ता काळसर, तुकतुकीत, कपाळावर हळद आणि वर कुंकवाचं ठसठशीत बोट. पिराजींनी सवयीनं हात जोडले. दीप्तीनं आपलं वाकून पंज्यांकडं बघितलं.

संगमरवर वर्षानुवर्षांत पिवळट पडला होता, पण चारी पंज्यांखालची जागा तेवढी मूळची पांढरी राहिलेली. आणि प्रत्येक पंज्याच्या कडेनं त्या पांढऱ्याची बारीक रेघ बाहेर डोकावत होती. मोठ्या भावाच्या चपलेत धाकट्याचा पाय असावा तशी.

"पिराजी, हा बारका हाय."

"असणारच की. ओतलेला धातू थंड होताना आकसतोय. कोल्हापुरात शेंबडं पोर सांगंल. म्हणून तर साचा करताना माप वाढवून धरत्यात."

"आणि घड्याळाची मशीन?"

व्यापारी सोफ्यावर चुळबुळत बसला होता. तो म्हणाला, "मशीन जुनीच आहे. बैठकही. बदललाय तो फक्त चित्ता."

"चोर सगळं का नेत न्हाय मग?"

"ते चोराला विचारा, मॅडम. मला पुण्याची गाडी गाठायची आहे."

दीप्ती पलंगाशी खुर्ची ओढून बसली. आबांनी डोळे उघडले. पांढरे दाढीचे खुंट वाढलेले, ओठाच्या कोपऱ्यातनं लाळ आलेली. ती पुसणारी बाई ठाण्यात बाकावर बसलेली होती.

"आबा, शालूबाईनं चित्ता नेला का?"

डोळे मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले. न्हाय.

"कुणी नेला ते तुम्ही बघितलं?"

एकदा. व्हय.

"ओ मॅडम!" राजवीर दारातनं गरजला. "काय पोरखेळ लावलाय? डॉक्टर म्हणालेत, त्या डोळे मिटण्याला काय अर्थ न्हाय. त्या बाईनंच ते खूळ काढलंय, आणि तिचीच साक्ष त्यावरनं घ्यायची व्हय?"

बोलणं रोखठोक होतं आणि खोटंही नव्हतं. कुठल्या कोर्टात हे उभं राहील? तरी दीप्तीनं शेवटचं विचारलं, "आबा, बाहेरचं माणूस होतं?"

दोनदा.

"घरचं?"

आबांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. मिटलेल्या पापण्यांखालनं पाणी कानापर्यंत गेलं. राजवीर तोंड वळवून उभा राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. खोलीत सगळं जाणणारा एकच माणूस, आणि त्याला ना हाक मारता येत होती, ना बोट दाखवता येत होतं.

"इंगवलेसाहेब, घड्याळ विकायचं कुणाकुणाला ठावं होतं?" दीप्तीनं विचारलं.

"लपवायचं काय त्यात? घरात सगळ्यांना ठावं. आबांच्या आजारपणाला खर्च काय कमी हाय?"

"तुम्हाला काय वाटतं, तुमच्या फौंड्रीत असला चित्ता ओतता येतोय?"

"माझ्याकडं? अहो, खऱ्याच्या जागी खोटा बसवायचा तर मी माप बघितलं नसतं व्हय? आणि माझाच माल मीच चोरू?"

"शालूबाईला सुट्टी कवा असती?"

उत्तर पूर्णिमानं दिलं. "रविवारी. त्या दिवशी वन्सं गडहिंग्लजहून येत्यात. दिवसभर आबांजवळ बसत्यात, तेवढाच आमचा पण पाय मोकळा. आज पण निघाल्यात, कळल्यावर राहवंना त्यांना."

*

राजवीरची बहीण स्वप्नाली एसटीतनं उतरून रिक्षानं आली. चाळिशीची, सुती साडी, नखांच्या कडेला रंग. आल्या आल्या आधी आबांच्या उशाशी गेली. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि बघतच राहिले.

"तुम्ही शेवटचा कवा आलासा?" दीप्तीनं विचारलं.

"या रविवारी."

"चित्ता बदललेला दिसला?"

"माझं लक्ष नव्हतं. मी आबांसाठी येते."

"शालूबाईवर तुमचा संशय?"

स्वप्नालीनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला. "मी कसं सांगू? पोलिसांनी बघावं की ते."

दीप्ती बाहेर आली. ऊन कलतं झालं होतं. ठाण्याकडं परतताना ती दारोदारची वाळकी तोरणं बघत होती. मग म्हणाली, "पिराजी, सुतकात यंत्राला कुंकू लावत्यात का हो? आमच्या घरात हे काही न्हाय. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तवापासनं सुतक न्हाय नि कुंकू न्हाय. म्हणून इचारते."

"छ्या! सुतकात देवाचा दिवासुद्धा लावत न्हाईत. खंडेनवमीला हत्यारं, यंत्रं, गाड्या पुजत्यात. पण भावकीत मयत झालं की दहा दिवस सगळं बंद."

"सगळ्यांना?"

"भावकीतल्या सगळ्यांना."

दीप्तीनं आणखी एक प्रश्न विचारला. पिराजींनी सवयीनं उत्तर दिलं, आणि आपलंच उत्तर कानावर पडताच कचकन ब्रेक दाबला.

"आयला!"

"गाडी ठाण्यावर घ्या," दीप्ती म्हणाली. "शालूबाईला बरोबर घेऊ. तिच्यासमोर सांगायचंय मला."

*

आबांच्या खोलीत सगळे उभे होते. राजवीर खिडकीशी, पूर्णिमा त्याच्यामागं, स्वप्नाली आबांच्या उशाशी. शालूबाई उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. ती दारातच थांबली.

"उगाच ताणत न्हाय," दीप्ती म्हणाली. "चित्त्याच्या कपाळावर कुंकू हाय. ताजं, ठसठशीत. ते कुणी लावलं?"

"खंडेनवमीचं असंल," राजवीर म्हणाला, आणि जीभ चावली.

"यंदा खंडेनवमी झालीच न्हाय या घरात. तुम्ही सुतकात होता, तुमची बायको सुतकात होती. तुम्ही दोघं त्याला कुंकू लावणार न्हाई. शालूबाईला सुतक न्हाय, पण ती रोज हितं होती. पूजा झाली न्हाय हे तिनं डोळ्यांनी बघितलं. तिनं खोटा चित्ता आणून ठेवला असता, तर बोडक्या कपाळाचाच ठेवला असता."

पूर्णिमाचा हात तोंडाकडं गेला.

"म्हणजे हे काम अशा माणसाचं, ज्याच्या घरी दसरा नेहमीसारखा झाला. ज्याच्या मनात पक्कं बसलंय की दसऱ्यानंतर चित्त्याच्या कपाळावर कुंकू असतंच. आणि ज्याचं बोट न सांगता तिकडं जातं, कारण लहानपणापासनं ते कुंकू त्याच बोटानं लावलेलं हाय. कुंकू घरूनच लावून आणलं, आणि बदलायच्या घाईत खऱ्याचं बोडकं कपाळ बघितलंच न्हाय. पिराजी, मघाशी मी गाडीत काय इचारलं?"

पिराजी खाली बघून म्हणाले, "लग्न झालेल्या लेकीला चुलत्याचं सुतक असतंय का म्हणून. मी म्हटलं, लेक दिल्या घरची, मॅडम. तिला आंघोळीपुरतं."

सगळ्यांच्या नजरा उशाशी उभ्या स्वप्नालीकडं वळल्या. घड्याळ तेवढं चालू होतं.

"दुसरं, माप," दीप्ती म्हणाली. "शालूबाईचा नवरा मोल्डर, राजवीर फौंड्रीवाले. धातू आकसतो हे दोघांच्या रक्तातलं. दोघांपैकी कुणीही पंजे असे आखूड ठेवले नसते. हे केलं ते साचा काढायला शिकलेल्या, पण धातू न ओतलेल्या माणसानं. प्लास्टर आकसत न्हाय. बाहेर पुतळा हाय तो तुमच्या हातचा, स्वप्नालीताई. एका रविवारी हितंच रबराचा साचा काढलासा, कुठल्या तरी कारागिराकडनं ओतून घेतलासा, आणि दुसऱ्या एका रविवारी बदललासा. आबांच्या डोळ्यांदेखत."

"न्हाय..." स्वप्नाली पुटपुटली.

"आणि तिसरं. सगळं घड्याळ नेलं असतं तर काम सोपं होतं. पण टिकटिक थांबली असती, आणि आबांना तेवढाच विरंगुळा. चोर एवढा विचार करत न्हाय. लेक करती."

स्वप्नालीनं खांद्यावरची पिशवी छातीशी धरली.

"माझा हाय तो!" ती एकदम ओरडली. "मी शाळेत असल्यापासनं आबा म्हणायचे, चित्त्याला कुंकू तुझ्या हातचं, चित्ता तुझाच. दादानं हक्कसोडपत्रावर सह्या मागितल्या, मी केल्या. रान नको, बंगला नको, चित्ता तेवढा द्या म्हटलं. बघू म्हणाला. आणि गणपतीत पुण्याचा माणूस उभा! मी काय करायला पाहिजे होतं? आबा बोलू शकत होते का माझ्या बाजूनं?"

"ते राहू दे," दीप्ती म्हणाली. "शालूबाईला गाडीत घातलं ते तुम्हाला फोनवर कळलं होतं. एसटीत बसून तुम्ही एवढ्या लांबनं आलासा. तवाही सांगितलं न्हाई."

"मला वाटलं... पुरावा न्हाय, सोडतील."

वाटलं! दुसऱ्याच्या दारात उभी असलेली पोलिसांची गाडी किती लवकर जाईल, ते आपल्याला नेहमीच सोपं वाटतं.

राजवीर संतापानं लाल झाला होता. बहिणीवर धावून जाईल असं वाटलं. पण तो थांबला, खिडकीशी गेला आणि मोबाइल कानाला लावला. "साहेब, व्हय, मीच. काय न्हाय, गैरसमज झाला. घरातला विषय हाय. तक्रार मागं घेतो आम्ही. व्हय, मॅडम हितंच हायत."

फोन दीप्तीकडं आला. पलीकडनं साहेब म्हणाले, "छान काम केलंस. आता निघ तिथनं."

"सर, एका बाईला दिवसभर..."

"गुन्हा दाखल झालाय का? न्हाय न्हवं? मग निघ."

सकाळी जी चोरी होती ती दिवस बुडायच्या आत घरातला विषय झाली. चोर सापडला, मालाचा पत्ता लागला, आणि फौजदारबाईच्या हातात काहीच राहिलं नाही. दीप्तीला एवढं अपमानित आजवर कधी वाटलं नव्हतं. ती शालूबाईकडं बघूसुद्धा शकत नव्हती.

स्वप्नालीनं पिशवीतनं टॉवेलात गुंडाळलेला चित्ता काढला. गडहिंग्लजपासनं तिनं तो सोबतच आणला होता. सांगण्यासाठी की लपवण्यासाठी, ते तिचं तिलाच ठाऊक. राजवीरनं तो हिसकून घेतला आणि फळीवर ठेवला. चारी पंजे आपापल्या पांढऱ्या जागेवर नीट बसले. पूर्णिमा शालूबाईजवळ गेली.

"शालूबाई, झालं गेलं विसरा. उद्यापासनं या नेहमीसारखं. आबांचं दुसऱ्या कुणाकडनं होत न्हाय."

"वैनी, तुमचा घरातला विषय मिटला," शालूबाई म्हणाली. "माझी गल्ली सगळी दारात उभी व्हती. आलेलं पावणं उठून गेलं. तिथं जाऊन कोण सांगणार, घरातला विषय व्हता म्हणून? तुम्ही येताय?"

पूर्णिमानं नवऱ्याकडं बघितलं. राजवीर खिडकीबाहेर बघत राहिला. दीप्ती म्हणाली, "मी येते. गल्लीत उभी राहून सांगते."

"नको, मॅडम. पुन्हा गाडी बघितली की लोक म्हणतील, परत धरायला आली." शालूबाईच्या आवाजात राग नव्हता, म्हणून दीप्तीला ते जास्तच लागलं. "माझा डबा हितं राहिलाय. तेवढा घेते."

ती आत आली. कोपऱ्यातला स्टीलचा डबा घेतला, टेबलाखालच्या चपला घेतल्या. जाता जाता पलंगाशी थांबली. आबांच्या ओठाच्या कोपऱ्यात लाळ तशीच होती. तिनं उशाचं फडकं उचललं आणि पुसली. हात आपोआप गेला.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मॅडमनी गाडीत सांगितलं मला. शालूबाईनं नेला न्हाय, एवढं तुम्ही सांगितलंसा. लई उपकार झाले. पण कुणी नेला ते इचारल्यावर डोळे मिटून घेतलेसा. अर्धंच सांगितलंसा, आबा. लेक वाचवलीसा. माझी पण लेक हाय की."

आबा तिच्याकडं बघत होते. वर चित्ता परत आला होता, पण तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"बरोबर का?"

आबांनी डोळे मिटले. एकदाच.

शालूबाईनं फडक्याची घडी घालून उशाशी ठेवली आणि डबा घेऊन बाहेर पडली.